चार तोळ्यांचा जीव

दिवाळी अंकासाठी प्राण्यावर लिहायचे म्हटले की वाघावर लिहावे, फार तर हत्तीवर लिहावे, असा आपल्याकडे संकेत पडून गेला आहे. वाघाच्या लेखाला चित्र चांगले मिळते, वाचणाऱ्याच्या अंगावर चार वेळा काटा येतो आणि लिहिणाऱ्याला आपणही मोठे धाडस केल्याचे समाधान लाभते. मी या पानावर वर्षभर शब्दांविषयी आणि पुस्तकांविषयी लिहिणारा मराठीचा मास्तर. वाघ माझ्या वाट्याला यावा अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. परंतु यंदा एका प्राण्याने माझ्या डोक्यात असे काही घर केले आहे की, त्याची हकीगत सांगितल्याशिवाय मला फराळ गोड लागायचा नाही.

या प्राण्याचे वजन सरासरी ४५ ग्रॅम. सराफी भाषेत सांगायचे तर चार तोळ्यांना किंचित कमी. धनत्रयोदशीला ज्या घरी चार तोळे सोने येते, त्या घराकडे शेजारीपाजारी चार दिवस निराळ्या नजरेने पाहतात. पण चार तोळ्यांचा जिवंत प्राणी म्हटला की आपण चटकन विचारतो, "म्हणजे उंदीरच ना?"

उंदीर नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. दिसायला उंदरासारखा आहे खरा. अंगावर मऊ करडी लव, टपोरे काळे डोळे, आणि शरीर जेमतेम ११ सेंटीमीटर असताना शेपूट मात्र त्याहून लांब. पण मादीच्या पोटावर पिशवी आहे. कांगारूच्या पोटावर असते तशी. प्राणिशास्त्राच्या मराठी ग्रंथांत अशा प्राण्यांना 'शिशुधान' असा एक फार चांगला शब्द योजला आहे. पारिभाषिक शब्द म्हटले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात; पण हा शब्द पाहा. अन्नधान्याचे जसे कोठार, तसे हे शिशूंचे. दोन आठवड्यांच्या गर्भवासानंतर डोळे न उघडलेली, केस न उगवलेली, अर्धवट घडलेली पिले जन्माला येतात आणि आईच्या पोटावरच्या त्या पिशवीत जाऊन स्तनांना चिकटतात. मादीला स्तन चारच. पिले चारांहून अधिक जन्मली, तरी वाढतात ती फार तर चार. निसर्गाच्या पंगतीत पाने मोजून मांडलेली असतात.

हा प्राणी ऑस्ट्रेलियातला. इंग्रजीत त्याला पहाडी पिग्मी पॉसम म्हणतात आणि शास्त्रीय नाव बुरामिस पार्व्हस. पार्व्हस म्हणजे लहान. बुरामिसमधला 'मिस' हा ग्रीक भाषेतला उंदीर. आपल्या संस्कृतातल्या 'मूष'चा तो सख्खा भाऊ. आणि 'बुरा' हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतला. त्याचा अर्थ पुष्कळ दगडधोंड्यांची जागा असा सांगतात. एकूण 'दगडांतला मूषक'. नाव ठेवणाऱ्याने ते अगदी चपखल ठेवले, आणि गंमत अशी की नाव ठेवले तेव्हा त्या गृहस्थाने हा प्राणी पाहिलेलाच नव्हता.

ते गृहस्थ म्हणजे डॉक्टर रॉबर्ट ब्रूम. जन्म १८६६ सालचा, स्कॉटलंडमधला. पेशाने वैद्य, पण नाडी हातात आणि लक्ष मात्र जुन्या हाडांत, अशातले. १८९५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात वोम्बेयन येथील गुहांजवळ त्यांना लहान लहान हाडांचा साठा सापडला. त्यांत एक चिमुकला जबडा होता आणि जबड्यात एक विलक्षण दाढ. इतर दाढांपेक्षा मोठी, कडेला करवतीसारखे दाते असलेली. एवढ्याशा पुराव्यावर ब्रूम यांनी १८९६ साली एका नामशेष प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे हा प्राणी कांगारूच्या कुळातला की पॉसमच्या, यावर विद्वानांत वाद चालला. वादाला दोन्ही बाजूंनी जोर होता, कारण मध्यस्थी करायला प्राणीच शिल्लक नव्हता. ब्रूम पुढे दक्षिण आफ्रिकेत गेले आणि १९४७ साली तिथल्या स्टर्कफोंटेनच्या गुहेत मानवाच्या अतिप्राचीन आप्तांपैकी एकाची कवटी शोधून जगप्रसिद्ध झाले. १९५१ साली ते वारले. वोम्बेयनच्या त्या दाढेचा धनी हजारो वर्षांपूर्वी संपला, अशाच समजुतीत ते गेले.

आणि १९६६ साली, ब्रूम यांच्या जन्माला बरोबर शंभर वर्षे होत असताना, ऑगस्टच्या ऐन हिवाळ्यात, व्हिक्टोरिया प्रांतातल्या माउंट हॉथम या डोंगरावर बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी जमलेल्या मंडळींच्या एका लॉजमध्ये एक लहानसा प्राणी सापडला. कोणी म्हणाले उंदीर, कोणी म्हणाले निराळेच काही. त्याला खाली मेलबर्नला जाणकारांकडे नेले. त्यांनी त्याचे तोंड उघडून पाहिले, तो आत करवतीची दाढ! जो मेला म्हणून त्याचे श्राद्धदेखील करून झाले होते, तो बुरामिस हिवाळ्यात माणसाच्या घराच्या उबेला आला होता. शास्त्रज्ञांच्या जगात असे दिवस फार थोडे उगवतात.

मग शोध सुरू झाला आणि त्याचे घर कळले. ऑस्ट्रेलिया म्हटले की आपल्यापुढे वाळवंट, मेंढ्या आणि क्रिकेटची मैदाने उभी राहतात. पण त्या देशाच्या आग्नेय कोपऱ्यात आल्प्स नावाची डोंगरांची रांग आहे. सर्वांत उंच शिखर कॉशियुस्को, २,२२८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. उंचीत फारसे अंतर नाही. परंतु ते डोंगर विषुववृत्तापासून पुष्कळ दूर, त्यामुळे हिवाळ्यात त्यांच्यावर माणूसभर बर्फ साचते. हिमयुगाच्या काळी थंडीने खडक फुटले आणि त्यांचे थरावर थर उतारावर रचले गेले. वरून पाहणाऱ्याला तो नुसता दगडांचा ढीग दिसतो. पण आत, शिळाशिळांच्या मधल्या फटींत, एक मोठे गावच आहे: बोळ, ओसऱ्या, तळघरे, कोठ्या. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात वाऱ्यापासून सुरक्षित. ढिगाऱ्यांच्या कडेला डोंगरी प्लम-पाइन नावाचे बुटके झुडूप दगडांना धरून पसरते आणि त्याच्या बिया टणक असतात. ब्रूम यांना कोड्यात टाकणारी ती करवती दाढ अशा बिया आणि किड्यांची कठीण कवचे फोडायला.

साधारण १,४०० मीटरच्या वर, अशा दगडी गावांतच हा प्राणी राहतो. बाकी जगात कोठेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या सस्तन प्राण्यांत केवळ हिमाच्छादित डोंगरमाथ्यावर राहणारा हा एकटाच. त्याच्या वस्त्या तीन ठिकाणी: कॉशियुस्कोच्या परिसरात, माउंट बोगाँग ते माउंट हिगिनबॉथम या पट्ट्यात, आणि १९९६ साली सापडलेली तिसरी माउंट बुलरवर. या सगळ्या जागा एकत्र केल्या तरी दहा चौरस किलोमीटर भरायच्या नाहीत. मोठी झालेली जनावरे दोन हजारांच्या आसपास असावीत असा अंदाज. आपल्याकडे एखाद्या बऱ्याशा लग्नाला याहून अधिक पाने उठतात.

दिवसा हा प्राणी शिळांच्या आत असतो. अंधार पडला की बाहेर येतो, रात्रभर चरतो, उजाडायच्या आत घरी. पण त्याची खरी करामत झोपेची. आपल्या पुराणांत कुंभकर्ण सहा महिने झोपे. बुरामिसची मादी सात महिन्यांपर्यंत शीतनिद्रा घेते. शरद ऋतूत ती खाऊन खाऊन जवळजवळ दुप्पट वजनाची होते आणि बर्फ पडू लागले की शिळांच्या पोटात गुंडी होऊन पडते. तिच्या अंगाची ऊब ३६ अंशांवरून उतरत उतरत दोन अंशांपर्यंत येते. मधून मधून ती जागी होते, अंग तापवते, पुन्हा झोपते. एकेक डुलकी वीस दिवसांपर्यंतची. वर वादळे होतात, बर्फावर बर्फ चढते. पण त्या बर्फाच्या जाड थराखाली तापमान शून्याच्या जरा वरच राहते. ज्याला आपण थंडीचे घर समजतो, ते बर्फ तिची गोधडी आहे. या काटकसरीचे फळही मोठे आहे. एवढ्या आकाराचे उंदीर वर्ष-दोन वर्षांत संपतात. बुरामिसच्या माद्या रानात अकरा-बारा वर्षेसुद्धा जगलेल्या आढळल्या आहेत.

आपल्याकडे देव आषाढी एकादशीला निजतात आणि दिवाळीनंतर कार्तिकीला उठतात. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे; तरी हा योगायोग पाहा की बुरामिस उठतो तोही याच सुमारास, ऑक्टोबरच्या मागेपुढे, तिथला वसंत आला की.

त्याच्या संसाराची रीतही सांगण्यासारखी आहे. वरच्या अंगाच्या सर्वांत चांगल्या शिळा, जिथे खायला भरपूर, त्या माद्यांच्या मालकीच्या. नर खालच्या अंगाला, कमी प्रतीच्या जागी राहतात. वसंतात ते चढून वर येतात, विवाह होतात आणि कार्य उरकले की नरांनी मुकाट्याने खाली निघून जायचे. कोणी रेंगाळलाच तर माद्या त्याला हुसकून लावतात. घर बाईचे, जावई पाहुणा, आणि पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे, असा रोकडा व्यवहार. आमच्या सौभाग्यवतींनी हा भाग वाचून समाजरचना अतिशय विचारपूर्वक केलेली दिसते, असा अभिप्राय दिला.

यात विनोद आहे तसे गांभीर्यही आहे, आणि ते कळले एका रस्त्यामुळे. माउंट हिगिनबॉथमवर बर्फाच्या खेळांसाठी वस्ती वाढली, मोटाररस्ता झाला, आणि तो शिळांच्या ढिगाऱ्याला मधोमध कापून गेला. रस्ता केवढा तो, माणसाला ओलांडायला दहा पावले. पण ज्याने जन्मभर दगडांच्या आडोशाने प्रवास केला, त्याला ती दहा पावले म्हणजे उघडे मैदान. नरांना खाली जाता येईना. ते वरच राहिले. मग जागा अपुरी, अन्न अपुरे, आणि हिवाळ्यात माद्या नि पिले यांच्या जगण्यावर त्याचा परिणाम होऊ लागला. इयन मॅन्सर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट नीट अभ्यासली आणि १९८५ साली रस्त्याच्या खालून बोगदे करवून घेतले. बोगद्यांत दगड भरले, त्यांना जोडून ढिगाऱ्याची वाट रचली. डोंगराने जसे केले असते, तसेच माणसाने केले. नर त्यातून ये-जा करू लागले आणि माद्यांचे तगून राहण्याचे प्रमाण सुधारले.

वृत्तपत्रांनी लगेच त्याला 'प्रेमाचा बोगदा' असे नाव दिले. वृत्तपत्रेच ती! नाव गोड आहे, पण अर्धेच खरे आहे. प्रेमासाठी वर येण्याइतकीच वेळेवर निघून जाण्यासाठी त्या बोगद्याची गरज होती, आणि संसार वाचला तो त्या दुसऱ्या कामामुळे. आपल्याकडे नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचच्या जंगलात जनावरांसाठी रस्त्याखालून मार्ग ठेवले आहेत आणि त्यांतून वाघ जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. वाघ असो की चार तोळ्यांचा बुरामिस, जाण्यायेण्याला वाट असणे ही दोघांची गरज सारखीच.

आता या कथेतले दुसरे पात्र. निद्रेतून उठलेली मादी उपाशी असते, आणि लगोलग पिले व्हायची असतात. त्या उघड्या डोंगरावर तिला एवढे स्निग्ध अन्न कोण आणून देणार? ते उडत येते. बोगाँग नावाचा एक तपकिरी, साधा दिसणारा पतंग आहे. वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. त्याच्या अळ्या हिवाळ्यात क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांत जमिनीत वाढतात. वसंतात पतंग बाहेर पडतात आणि मैदानातला उन्हाळा चुकवण्यासाठी रात्री रात्री उडत, हजार किलोमीटरपर्यंतचे अंतर तोडून याच डोंगरांवर येतात. गुहांच्या आणि कपारींच्या भिंतींना ते कौलांसारखे एकावर एक चिकटून बसतात, चौरस मीटरभर जागेत सतरा हजारांपर्यंत, आणि उन्हाळाभर झोपतात. शरद ऋतूत ते परत मैदानात जातात, अंडी घालतात आणि मरतात.

म्हणजे पुढच्या वसंतात जो पतंग निघतो, त्याने तो डोंगर कधी पाहिलेला नसतो, आणि वाट दाखवायला आईबापही नसतात. आपल्या वारकऱ्याला दिंडी असते, पुढे विणेकरी असतो, वाटेवरची गावे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असतात. याला काही नाही. मग तो जातो कसा? पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्याला उपयोग होतो, हे २०१८ साली दिसून आले. आणि २०२५ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले की हा पतंग ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहून दिशा धरतो. कीटकाने तारे पाहून इतक्या दूरच्या ठरावीक मुक्कामाला जाण्याचे हे पहिलेच उदाहरण. मोहरीएवढा मेंदू आणि त्यात आकाशाचा नकाशा!

त्या डोंगरांच्या परिसरातील मूळ रहिवासी कित्येक शतके या पतंगांसाठी उन्हाळ्यात दूरदूरून एकत्र येत. पतंग गरम राखेत भाजून खात, वाटून त्यांच्या वड्याही करीत. क्लॉग्ज केव्ह नावाच्या गुहेत सापडलेल्या एका पाट्यावर त्याच पतंगांचे अवशेष मिळाले असून ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंतचे आहेत. त्या मेजवान्यांनी पतंग कधी संपले नाहीत.

ते कमी झाले आपल्या काळात. २०१७ पासून मैदानात सलग तीन वर्षे कडक दुष्काळ पडला. अळ्यांना पाला मिळाला नाही. डोंगरावरच्या ज्या गुहांच्या भिंती पतंगांनी मढलेल्या असत, त्या जवळजवळ रिकाम्या दिसू लागल्या. आणि त्याच वसंतांत बुरामिसच्या माद्यांची पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली, जी वाचताना माझ्यासारख्या कोरड्या मास्तराचाही हात पानावर थांबला. कित्येक माद्यांच्या पिशव्यांतली पिले मेलेली होती, किंवा पिशव्या रिकाम्या होत्या. आईच्या अंगात दूधच नव्हते. दुष्काळ पडला शेकडो मैलांवरच्या शेतांत, आणि पाळणे रिकामे झाले डोंगरावरच्या दगडांत.

पाठोपाठ २०१९-२० चे वणवे आले. माणसांनी मग जे जमेल ते केले. जळालेल्या वस्त्यांजवळ पाणी ठेवले. मांजरांना आणि कोल्ह्यांना तोंड घालता येऊ नये अशा पेट्यांतून खाणे ठेवले. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयाच्या लोकांनी पतंगातले स्निग्ध पदार्थ लक्षात घेऊन बिस्किटे तयार केली. २०२१ साली बोगाँग पतंगाचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत गेले. पुढे पाऊस बरा झाला, पतंग काही प्रमाणात परतले. पण पूर्वीची ती गर्दी काही आली नाही.

आणि इथे दिव्यांचा विषय निघतो, जो दिवाळी अंकात निघणे भागच आहे. ताऱ्यांवर डोळा ठेवून जाणाऱ्याला वाटेत शहरे लागतात. शहरांचे झोत आकाशात जातात. कॅनबेरा येथे १९८८ साली नवे संसदभवन उघडले, तेव्हा त्याच्या दिव्यांवर बोगाँग पतंगांचे थवे लोटले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकच्या समारोपात एक गायिका गात असताना तिच्या पोशाखावर एक पतंग येऊन बसला आणि सर्व जगाने तो पाहिला. लोकांना गंमत वाटली. पण जो पतंग संसदेत किंवा ऑलिंपिकमध्ये अडकला, तो डोंगरावर पोहोचला नाही.

आम्ही साहित्याचे लोक या प्रकाराला प्रेम म्हणत आलो. दिव्यावर झडप घालणारा पतंग हा फारसी काव्यापासून सगळ्यांच्या उपयोगी पडलेला दृष्टांत. मराठीतही त्याला वाण नाही. वर्गात तो समजावून सांगताना पोरे नेमकी मागच्या बाकाकडे पाहून हसतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिजलद कॅमेऱ्यांनी कीटकांची ही झडप टिपली. निघाले असे की, रात्री उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवून उडतो. लक्षावधी वर्षे रात्रीचा उजेड म्हणजे वरचे आकाश. तिकडे पाठ असली की आपण सरळ आहोत हे त्याला कळते. दिव्याजवळ आला की तो बिचारा दिव्यालाच आकाश समजतो, त्याच्याकडे पाठ वळवीत राहतो आणि गरगरत अडकून पडतो. दृष्टांत मी यापुढेही शिकवीन, कवितेला प्राणिशास्त्राची परीक्षा देण्याचे कारण नाही. परंतु ही हकीगतही सोबत सांगेन. प्रेमासाठी जीव देणाऱ्याची कीव येत नाही, त्याचा हेवा वाटतो. ज्याला आपण त्याचे आकाश खोटे करून दिले, त्याची मात्र आपल्याला काही जबाबदारी लागते.

माझा एक भाचा मेलबर्नला असतो. गेल्या वर्षी त्याने मोठ्या संकटात पडून मला पत्र लिहिले. तिथे वसंताच्या दोन महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, घराबाहेरचे अनावश्यक दिवे मालवा, पतंगांना वाट मोकळी द्या, असे आवाहन केले जाते. त्याच्या मुलीला शाळेत हे सांगितले होते. आणि इकडे घरात दिवाळी आलेली! "मामा, आकाशकंदील लावू की नको? मुलगी म्हणते पॉसमची पिले मरतील. तिची आई म्हणते दाराशी दिवा नाही तर ती दिवाळी कसली? तुम्हीच निकाल द्या."

मी निकाल दिला तो असा. पणती खुशाल लाव. तुझ्या चार पणत्यांनी कोणाचे आकाश झाकले जात नाही. शिवाय पणतीची एक मोठी शहाणी गोष्ट आहे: तिच्यात घातलेले तेल संपले की ती आपोआप विझते. आपल्या पूर्वजांनी लावलेला दिवा रात्री दहाच्या सुमारास शांत होई आणि मग अमावस्येची रात्र अमावस्येसारखीच राही. रात्रभर जळत राहतात त्या विजेच्या माळा, आणि कोणासाठी जळतात ते त्यांनाही ठाऊक नसते. तेव्हा कंदील लाव, मुलांना त्याच्याखाली फुलबाज्या उडवू दे, आणि निजायच्या वेळी बटण बंद करून झोप. मुलीला सांग की दिवाळी साजरी झाली आणि वाटही मोकळी राहिली. भाच्याने कळवले की निकाल दोन्ही पक्षांना मान्य झाला. एवढ्याने पॉसम वाचले असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. दुष्काळ बटणाने बंद होत नाही, आणि खरे झोत असतात ते उंच इमारतींचे आणि मैदानांचे. पण ज्या घरात एक मूल हे समजून बटण बंद करते, त्या घराचे काही ना काही वळण बदलतेच.

आता एक कठीण गोष्ट उरली. हवा तापत चालली आहे आणि डोंगरावर बर्फ कमी टिकू लागले आहे. सामान्य माणूस म्हणेल, बरेच झाले, बिचाऱ्याला थंडी कमी वाजेल. उलट आहे. गोधडी विरळ झाली की गारठा थेट शिळांच्या आत जातो. बर्फ लवकर वितळले की मादी लवकर जागी होते, आणि पतंग अजून वाटेवरच असतात. ताट मांडलेले नाही आणि पाहुणा येऊन बसलेला, अशी अवस्था. आणि हा प्राणी आधीच डोंगराच्या माथ्यावर राहतो. ज्याला उकडेल त्याने वर सरकावे म्हणावे, तर याच्या वर फक्त आकाश आहे.

तरी निराशेचे कारण आहे असे मला वाटत नाही, आणि याला पुरावा माउंट बुलरचा. तिथली वस्ती १९९६ साली सापडली, तेव्हा तीनशेंच्या आसपास होती. दहा-बारा वर्षांत ती तीस-चाळिसांवर आली. नाती इतकी जवळची झाली की वंश खंगला. तेव्हा २०११ पासून माउंट हॉथमचे काही नर तिथे नेऊन सोडण्यात आले. आपल्याकडे जुने लोक 'लेक द्यावी लांबच्या गावी' म्हणत, तसाच प्रकार, फक्त इथे जावई लांबून आणले. त्यांची संतती अधिक धष्टपुष्ट आणि दीर्घायुषी निघाली, आणि काही वर्षांत वस्तीने पूर्वीचा आकडा ओलांडला. दुसरीकडे लिथगो गावाजवळ, पुष्कळ खालच्या उंचीवर, हा प्राणी वाढवून पाहण्याचा प्रयत्न चालू आहे. कारण जीवाश्मांवरून असे दिसते की, बुरामिसचे पूर्वज अडीच कोटी वर्षांपासून सखल प्रदेशांतल्या दमट अरण्यांत सुखाने राहत होते. डोंगर हे त्याचे मूळ गाव नव्हे. तो तिथे उशिरा गेला आणि तिथलाच झाला. कोकण सोडून घाटावर आलेल्या घराण्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

कोणी विचारील, चार तोळ्यांच्या या जिवासाठी एवढा खटाटोप कशाला? तो गेला तर जगाचे काय अडते? माझ्याजवळ याला मोठे उत्तर नाही. एवढेच सांगतो की हा प्राणी एकदा आपल्याकडून गेलेला होता. ग्रंथांत त्याची नोंद 'नामशेष' अशी होती. मग एका हिवाळ्यात तो स्वतःहून आपल्या दाराशी आला. ज्याला एकदा मेलेला समजून विसरलो, तो जिवंत परत आला, असे भाग्य माणसाला फार क्वचित लाभते. त्याला दुसऱ्यांदा घालवले, तर त्या नोंदीपुढे कारण म्हणून आपलेच नाव लिहावे लागेल.

आपल्याकडे अभ्यंगस्नानाची घाई चाललेली असते, त्या पहाटेच्या सुमारास तिकडे दिवस चांगला वर आलेला असतो आणि बुरामिसची मादी शिळांच्या आत विसावलेली असते. रात्री ती बाहेर येते. बर्फ वितळत असते, पोट खपाटीला गेलेले असते, आणि उत्तरेकडून, हजार किलोमीटरांवरून, तिचे अन्न ताऱ्यांच्या आधाराने येत असते. ते पोहोचो, एवढीच या दिवाळीत इच्छा.